खालच्या फळीवरचा डॉक्टर

छाती तिसरी

ही माझी, म्हणून आधी. गळ्याखालून पोटापर्यंत एक सरळ रेघ, कोणी पट्टी ठेवून मारल्यासारखी. आतली हृदयाची झडप डॉक्टर तोर्स्ती रूस्कानेनने दुरुस्त केली. मी जन्मभर तळ्यातल्या बोटींची इंजिनं खोलली, पण झाकण इतकं सुबक मला कधी बसवता आलं नाही.

छाती पहिली

वेइयोची. ही बघून नातवंडं रडतात. वेइयो तेव्हा बस चालवायचा आणि डॉक्टर नवाच होता. व्रण मध्येच डावीकडे वळतो, रस्ता चुकतो, परत येतो.

छाती दुसरी

आलेली नाही. मेली. आउलिस तळ्यावरच्या एप्रिलच्या पातळ बर्फावर मासे धरायला गेला आणि बर्फाखाली राहिला. मयतीला डॉक्टर भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, "झडप मात्र अजून वीस वर्षं चालली असती." आउलिसची बायको रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

(थांबा, वाफेसाठी तापल्या दगडांवर पाणी टाकतो. हं.)

तर दर शनिवारी दुपारी तळ्याकाठच्या सौन्यात, म्हणजे वाफेच्या खोलीत, आम्ही असे फळ्यांवर नागडे बसतो, आणि निवृत्त झालेला डॉक्टर सगळ्यात वरच्या फळीवरून आमच्या छात्यांकडे हात करून नव्या माणसाला सांगतो, "हे माझं प्रदर्शन." इथे कपड्यांबरोबर अहोजाहोही खुंटीला टांगायचं असतं, त्यामुळे आम्ही त्याला काय वाटेल ते बोलतो.

न उघडलेली छाती

त्या शनिवारी तो खालच्या फळीवर बसला. तिथे वाफ कमी लागते, पोरं बसतात.

"काय रे तोर्स्ती, गरम होतंय?" वेइयो म्हणाला.

"पाय दुखतोय."

"ओठ का निळे पडलेत मग? पायाने चालतोस की ओठाने?"

तो एकदम म्हणाला, "झडप. दगड झालीये. लवकर बदलायला हवी म्हणतात."

"मग बदल की! गावात हेन्रीका मुस्तोला आहे, हृदयाची सर्जन."

"मुस्तोला? ती विणकर? माझ्या हाताखाली अकरा वर्षं होती. एक टाका घालायला इतका वेळ लावायची की पेशंट म्हातारा व्हायचा. मी हेलसिंकीला जाणार. तिथे जागा नाही म्हणतात, मी थांबीन."

"थांबशील म्हणजे मरशील," मी म्हणालो.

"बघू."

छाती सर्वात नवी

तूरेची. तूरे हा पोस्टमन, गेल्या हिवाळ्यात हेन्रीकाने त्याला उघडला. वेइयोने त्याला दंडाला धरून खालच्या फळीवर आणला, डॉक्टरच्या नाकासमोर उभा केला.

"बघ! रेघ तरी दिसतेय का?"

डॉक्टरने बोट फिरवलं. तूरेला गुदगुल्या झाल्या, पण बिचारा हलला नाही.

"कातडीचं काय कौतुक?" डॉक्टर तडकला. "कातडी कोणीही शिवतं. मी काय कातडी शिवत बसायचो? मुख्य काम झालं की मी कॉफी प्यायला जायचो. बंद करायचे हाताखालचे."



"माझी कोणी शिवली?" मी विचारलं.

"आता काय आठवणार..."

"तोर्स्ती."

"हेन्रीकाने."

"आणि माझी?" वेइयोने छाती पुढे काढली.

"तुझी मी. तेव्हा हाताखाली कोणी नव्हतं."

आधी तूरे हसला. मग मी. वेइयो इतका हसला की फळी करकरली, आणि शिव्याही त्यानेच सर्वात जास्त दिल्या.

"म्हणजे तुझ्या प्रदर्शनात तुझं चित्र एकच," मी म्हणालो, "आणि ते वेइयो?"

"अरे, ते नुसतं झाकण! आतलं माझं होतं!"

"बरं. तू कॉफी पीत असताना आतून रक्त फुटलं तर?"

"ती बघायची."

"फुटलं कधी?"

"दोनदा."

"मग तू धावत आलास?"

"नाही."

"का नाही?"

डॉक्टरची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"गरज पडली नाही," तो म्हणाला. "बोलावलं असतं तर गेलो असतो. तिने बोलावलंच नाही. मी दुसरा कप घ्यायचो."

मग तो उठला. दोघांनी धरायला हात पुढे केले, त्याने दोन्ही झिडकारले, आणि दारापर्यंत जाताना तिसऱ्याचा, म्हणजे माझा, खांदा धरला.

पायऱ्यांवर

टॉवेल गुंडाळून तो फोन घेऊन बसला. वेइयो, तूरे आणि मी मागे उभे, ओले. फोनमधला आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"हेन्रीका, मी रूस्कानेन. माझी झडप तू बदलशील का?"

"रिपोर्ट बघितलेत मी. गुरुवारी या. आत्ता कुठे आहात?"

"घरी."

आत उरलेल्या कोणीतरी दगडांवर बादलीभर पाणी ओतलं, चर्र आवाज थेट फोनपर्यंत आला.

"अशा झडपेने सौन्यात बसलात?" ती म्हणाली. "कपडे घाला आणि आजच भरती व्हा. सोबत कोण आहे तुमच्या?"

डॉक्टरने आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"तुझी माणसं आहेत," तो म्हणाला. "आणि एक माझा."