विभावरीच्या फोनचे निकष

निर्णय कितीही साधा असो, प्रेझेंटेशनशिवाय घेतला तर तो निर्णयच नव्हे, हे हरीश फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या सल्लागार कंपनीत शिकला होता. त्यामुळे बायकोच्या मोबाइलचा करार संपत आला आणि नव्या करारासोबत त्या काळी नवाच निघालेला स्मार्टफोन मिळणार असं कळलं, तेव्हा त्याने ऑफिसचा प्रोजेक्टर घरी आणला आणि शनिवारी दुपारी विभावरीला सोफ्यावर बसवलं.

फोन तिचा होता, पण ज्याला कळतं त्याने निवडायचा, हा घरचा शिरस्ता. फ्रँकफर्टची मराठी मंडळी हरीशला विचारल्याशिवाय फोन घेत नसत, आणि घेतल्यावर पस्तावली तरी त्याला सांगत नसत.

"हं, रिक्वायरमेंट्स," हरीश म्हणाला. "तुला फोनमध्ये काय हवंय?"

"आईचे मेसेज वाचता आले पाहिजेत. बाकी काहीही चालेल."

तिची आई पुण्यात मुलगा-सुनेकडे राहत होती. घर लहान, सून सतत आसपास. त्यामुळे फोनवर ती नेहमी 'सगळं छान' म्हणायची आणि मग हळूच, 'मेसेज टाकलाय, वाच.' पुण्यात घेतलेल्या तिच्या साध्या फोनवर मराठी लिहिता यायचं. विभावरीच्या इथल्या फोनवर मात्र अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटायचे.

"आईंना सांग ना, इंग्लिश अक्षरांत लिहा म्हणून."

"सांगितलं. म्हणाली, तुझा एवढा जर्मन फोन, त्यालाच मराठी शिकव."

"बरं, हे आपण 'असल्यास उत्तम'मध्ये टाकू," हरीश म्हणाला आणि जीपीएसकडे वळला.

"जीपीएस कशाला? ऑफिस आणि मैत्रेयीचं किंडरगार्टन सोडून मी जाते कुठे?"

"आल्झो, तर मग, पुढचा विचार नको करायला?"

तास उलटला तेव्हा भरघोस गुणांनी एक टचस्क्रीनवाला फोन पहिला आला. रविवारी पुण्याला फोन लावल्यावर हरीशने रिसीव्हर स्वतः घेतला. "आई, काळजी सोडा. या आठवड्यात नवा फोन येतोय. खुशाल लिहा, सगळं वाचता येईल."

हाउप्टवाखे चौकाजवळच्या मोबाइलच्या दुकानात हरीश आणि विक्रेता यांची अशी तार जुळली की विभावरी तिथे आहे हे दोघेही विसरले. हरीश एकेक गुण सांगत होता, विक्रेता 'गेनाऊ, गेनाऊ', अगदी बरोबर, म्हणत मान डोलावत होता. शेवटी विक्रेत्याने विचारलं, "करार कोणाच्या नावावर?"

"माझ्या," विभावरी म्हणाली. जर्मनीत नोकरी आधी तिला लागली होती; हरीश मागाहून आला होता. तिने पासपोर्ट काउंटरवर ठेवला. "आधी माझं सिम यात घालून दाखवा."

आईचे मेसेज सिमवरच साठवलेले होते. नव्या फोनवरही ते चौकोनच दिसले, फक्त मोठे आणि फार सुबक.

"अपडेट आल्यावर होईल बहुतेक," विक्रेता म्हणाला.

"बघ, अपडेटने होईल," हरीश म्हणाला.

"कधी?"

दोघे तज्ज्ञ माहितीपत्रक चाळू लागले. विभावरीने फोनशिवायच्या करारावर सही केली.

सुट्टीवर पुण्याला गेलेल्या उल्हासला, म्हणजे हरीशच्या ऑफिसातल्या मित्राला, येताना तिकडचा साधा फोन आणायला सांगितलं. "तोवर आईंना काही बोलू नकोस," हरीश म्हणाला. "उगाच वाटायचं, मला जमलं नाही." विभावरीने आईला काही सांगितलं नाही. आईनेही रविवारी मेसेजचा विषय काढला नाही. ती 'सगळं छान' एवढंच म्हणाली.

उल्हास फोन घेऊन घरी आला, तोवर हरीशने आपलं मत तयार ठेवलं होतं. "फोनशिवायचा करार हाच शहाणपणा. मी पूर्ण ॲनालिसिस केलंय."

"आणि याला कॅमेराही नाही," उल्हास म्हणाला.

"कॅमेरा लागतो कोणाला?"

विभावरीने सिम घातलं. चौकोनांची अक्षरं झाली. काही मेसेज सुनेबद्दल होते, एक लिंबाच्या लोणच्याबद्दल. मग एक आला, तो तिने दोनदा वाचला आणि नंतर मोठ्याने.

"'इथे जरा जड जातंय. तुझ्याकडे थोडे दिवस येऊ का? हरीशरावांना विचारून कळव. मेसेजच कर, इथे फोनवर बोलता येत नाही.'"

"अरे वा," हरीश म्हणाला. "कधीचा आहे?"

"तू आईला खुशाल लिहा म्हणालास, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आणि हा त्यानंतरचा. 'उत्तर आलं नाही, तेव्हा समजले. त्यांना अडचण असेल. राग नाही. पुन्हा विषय काढणार नाही.'"

उल्हास चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागला.

"हे बघ, आईंचा गैरसमज झालाय," हरीश म्हणाला. "आपण नीट मांडू या. व्हिसा, इन्शुरन्स, मैत्रेयीची खोली. पर्याय समोर ठेवू, मग—"

विभावरी नंबर फिरवत होती.

"आई? मीच. तू ये. हो, आत्ताच वाचलं. नाही गं, कसली अडचण? त्याला विचारलं मी." तिने हरीशकडे पाहिलं. त्याचं तोंड अजून उघडंच होतं. "लगेच हो म्हणाला."