साखर आणायला पाठवलेलं माणूस

बारा खोल्या, चोवीस खाटा, तेवीस माणसं. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक लाल बटण, म्हणजे बटणं चोवीस. त्यांतली चालू बावीस. न्हाणीघरांत भिंतीला धरायचे दांडे सोळा, त्यांतला एक हलणारा. जिन्याच्या पायऱ्या चौदा, शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार एक. दिवसपाळीला मदतनीस मावशी चार आणि त्या चौघींवर एक मेट्रन.

एवढं सगळं मी आजोबांना वहीतून वाचून दाखवलं.

"आणि माणसं कशी आहेत?" त्यांनी विचारलं.

"तेवीस. लिहिलंय की."

"वा! चव माहीत नाही, पण वजन बरोबर."

आजोबा मला मापाडी म्हणतात. खरं तर हे खूळ त्यांच्याकडूनच आलंय. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानांतले तराजू तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. घरात आम्ही दोघंच.

दोन महिन्यांपूर्वी मी कामावर असताना ते न्हाणीघरात घसरून पडले. फोन बाहेर टेबलावर होता. मी आले तेव्हा ते ओल्या फरशीवर कुशीवर पडलेले होते, ओठ निळे पडले होते. किती वेळ गेला ते त्यांनीच सांगितलं, कारण घड्याळ मनगटावर होतं: दोन तास दहा मिनिटं. वर म्हणाले, "कंटाळा आला गं." तेव्हापासून मी दर तासाला प्रयोगशाळेतून फोन करायचे. आणि एकदा ते झोपेत असल्याने फोन उचलला गेला नाही, तर मी नमुने तसेच टाकून घरी धावत आले. असं चालणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"जागा तू तपास," ते म्हणाले, "सही मी करणार."

मी तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी त्या वृद्धनिवासात गेले. तिथल्या आजीआजोबांची परवानगी घेऊन त्यांचं बटण दाबायचं आणि मावशी दारात येईपर्यंतचा वेळ घ्यायचा, असं पंधरा वेळा केलं. सरासरी अठ्ठेचाळीस सेकंद आली. एकच आकडा वाईट होता: दोन मिनिटं पन्नास सेकंद. ती मावशी हळू चालायची, हळू बोलायची. सगळे तिला सावकाश मावशी म्हणायचे. मी घड्याळ तिच्यासमोर धरलं.

"तिकडे एकांच्या बुटाची नाडी बांधत होते," ती म्हणाली. "अर्धी सोडून आले असते तर तुमचं घड्याळ खूश झालं असतं, पण ते आजोबा तोंडावर पडले असते ना."

मी वहीत लिहिलं: कारणं देते.

आजोबांनी तक्ता नीट वाचला, चष्मा काढला आणि पोट धरून हसले.

"हे घड्याळ कुठे होतं तुझं?"

"गळ्यात. दोरीला."

"म्हणजे शिट्टी तेवढी राहिली! अगं, मला लांबून येताना पाहिलं की दुकानदार खोटी वजनं पोत्याखाली सारायचा आणि खरी काढायचा. मी काय करायचो माहीत आहे? आधी तुझ्या आजीला किलोभर साखर आणायला पाठवायचो. ती पुडी माझ्या काट्यावर ठेवायची आणि मग दुकानात शिरायचं. निरीक्षकासमोर सगळेच तराजू साधू असतात."

मला ते लागलं, पण पटलंही. म्हटलं, "मग घड्याळ लपवून पुन्हा मोजते."

"मोज. पण मी पडलो तेव्हा बटण माझ्या हातात होतं का?"

मी तक्त्यावर पुन्हा नजर टाकली.

"आणि खरं सांगू? पहिला तासभर मी हाकच मारली नाही. शेजाऱ्यांना काय सांगणार, निरीक्षक साबणाच्या वडीवरून घसरला?"

हे मला त्यांनी दोन महिन्यांत सांगितलं नव्हतं. तक्त्यातल्या पंधराही ओळी मला एकदम निरुपयोगी दिसायला लागल्या.

शेवटी आठ दिवस राहून बघायचं ठरलं. चोविसावी खाट त्यांना मिळाली. तिसऱ्या दिवशी पावणेचारला मी भेटायला गेले, तर ते काठी घेऊन तयारच.

"घड्याळ पर्समध्ये टाक. हॉलमध्ये जाऊन बस आणि तोंडावर काही दाखवू नकोस, म्हणजे जमेल तेवढं. आज साखर मी."

ते मागच्या इस्त्रीच्या खोलीकडे गेले. मी हॉलमध्ये त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले. चार वाजता चहा आला. मला पाहताच एका मावशीने पंखा वाढवला, दुसरी धावत आली. "ताई, काही हवंय का? पाणी? बिस्किट?" मेट्रन हसून दोनदा समोरून गेल्या. रिकाम्या खुर्चीकडे कुणी पाहिलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं. पाच.

"का गं," समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पेपर अवघड गेलाय का?"

सहा मिनिटं. मला फरशी दिसायला लागली, ओली. आता उठून सरळ तिकडे जावं, असं वाटलं. सात.

सावकाश मावशी ट्रे घेऊन तिच्या चालीने एकेका टेबलापाशी थांबत, कुणाला साखर विचारत, कुणाचा कप नीट हातात देत माझ्यापर्यंत आली. ट्रेवर एक कप उरला होता. तिने कपाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. मला काही विचारलं नाही. कपावर बशी पालथी घातली, ट्रे माझ्या मांडीवर ठेवला आणि गेली. पहिल्यांदाच ती भरभर चालताना दिसली. न्हाणीघराचं दार वाजलं, मग खोलीचं, मग व्हरांड्याचं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"अहो! धुतलेल्या चादरींवर बसलाय होय? इस्त्रीवाली माझा जीव खाईल!"

"चहा नको होता मला."

"नको तर तोंडाने नको म्हणा. मी कप मोजून आणते. एक उरला की मला माणूस शोधावं लागतं. लागलं नाही ना कुठे? बघू, हात बघू."

"लागलं नाही गं बाई. बसलो होतो नुसता."

"मग चला, बशी घालून आलेय. गार झाला तर दुसरा देणार नाही."

दोघं आले, तिच्या नेहमीच्या चालीने. आजोबांनी चहा संपवला, माझ्याकडून पेन मागितलं आणि प्रवेशाच्या अर्जावर सही केली. मग मेट्रनला बोलावून न्हाणीघरातला हलणारा दांडा आजच बसवून घ्यायला सांगितलं.

माझी वही त्यांनी शेवटी घेतली. "कारणं देते" ही ओळ खोडली. तक्त्याखाली तारीख घातली आणि चार वाजल्यापासून मावशी इस्त्रीच्या खोलीत येईपर्यंत मनगटावर मोजलेला वेळ लिहिला:

बटण न दाबता, हाक न मारता: ९ मिनिटं २० सेकंद.