धरली

काचेच्या त्या कारखान्यात एक शब्द असा होता, की तो उगाच उच्चारायलाही माणसं भीत. "धरली." दाराएवढी उंच काच टेबलावरून उचलून चौकटीत उभी करायची, तर एक देणारा लागतो आणि एक घेणारा. घेणाऱ्याच्या दोन्ही हातांत कड घट्ट बसली, की तो म्हणतो, "धरली." मगच देणारा सोडतो. जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा पुढे केला, तर तिथली माणसं "घेतला" म्हणत. "धरला" कधीच नाही, थट्टेतही नाही.

तिला हा शब्द सासऱ्यांनी शिकवला. ते तिथले मुकादम होते, तीस वर्षं. हात थरथरायला लागले तेव्हा ते घरी बसले आणि मालकांनी मुकादमी सुनेला दिली. काम तिला चोख येत होतं, त्यात वाद नव्हता. पण दोन वर्षं झाली तरी सगळे तिला वहिनीच म्हणत. "मुकादमांना विचारलं पाहिजे," असं कुणी म्हणालं, की समजायचं, म्हाताऱ्याची आठवण निघाली. ती वरवर हसायची. आतून लागायचं.

आणि मग त्या मंगळवारी तिच्या तोंडून तो शब्द खोटा गेला.

काच देत होता रेडिओ. दिवसाला चार शब्द बोलणाऱ्या माणसाला रेडिओ म्हणायचं, हा कारखान्याचा जुना विनोद. कापायच्या मशीनशेजारी उभं राहून त्याचा डावा कान अधू झाला होता, पण "धरली" त्याला कधी चुकलं नव्हतं. त्याच वेळी मालक ऑफिसच्या दारातून कागद हलवत तिला हाक मारायला लागले. तिनं मान वळवली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! तोंड "धरली" म्हणालं, आणि हात अजून कडेपाशी पोचलेच नव्हते.

रेडिओनं सोडली. काच त्याच्या मनगटावरून खाली गेली.

पुढचं सगळं धावपळीत झालं. रक्त, फडकी, गाडी. मालक ओरडले, "झालं काय?" तिनं तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण पोपट तिच्या आधी बोलला. पोपट म्हणजे मशीन चालवणारा; त्याला न विचारता उत्तर द्यायची खोड. "ऐकण्यात गफलत झाली असणार साहेब. त्याचा कान..." सगळ्यांनी माना हलवल्या. मशीनच्या आवाजात दुसऱ्या कुणी काही ऐकलंच नव्हतं. तिनं उघडलेलं तोंड मिटलं.

मिटलेलं तोंड उघडणं किती जड असतं, ते तिला पुढच्या बारा दिवसांत कळलं. ती रेडिओला भेटायला गेली, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "वहिनी, मला तर 'धरली'च ऐकू आलं होतं. पण आता कानाचा भरवसा काय धरायचा?" दोन बोटं वळत नव्हती त्याची. त्याच्या बायकोनं तिच्यापुढे चहा ठेवला. तो चहा तिला गिळवला नाही. बोटांवर निदान औषध तरी होतं. पण खरं ऐकलेल्या माणसाला आपण त्याच्याच कानांवर संशय घ्यायला लावला, हे तिला रात्रंदिवस टोचत राहिलं.

शनिवारी कळलं, की सोमवारी रेडिओकडून कागदावर सही घेणार. कान अधू असल्यानं त्याला काचेच्या कामावरून काढून फाटकावर बसवायचं. एकदा का अशी सही झाली, की कुठलाच काचवाला त्याला टेबलाजवळ उभा करणार नव्हता.

रविवारी सासरे स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते. कापऱ्या हातांनी अर्धे दाणे खाली सांडत. ती समोर बसली.

"मामंजी, तुमच्या तोंडून कधी खोटी 'धरली' गेली होती?"

ती फटकाऱ्याची वाट बघत होती. म्हाताऱ्यानं शेंग खाली ठेवली.

"एकदा. काच फुटली, कुणाला लागलं नाही. मी देणाऱ्याच्या नावावर खपवली. तो महिनाभरात काम सोडून गेला." त्यांनी सांडलेले दाणे गोळा केले. "बावीस वर्षं झाली सूनबाई. अजून कुणी मुकादम म्हणून हाक मारली, की मला वाटतं, दुसऱ्या कुणाला बोलावताहेत."

"मग मला काय सांगता?"

"मी काय सांगणार? ज्यानं केलं नाही, त्यानं सांगू नये." आणि ते पुन्हा शेंगा सोलायला लागले.

सोमवारी मालकांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. रेडिओ आला होता. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो मालकांचा एकेक शब्द उजवा कान पुढे करून ऐकत होता. मालकांनी पेन पुढे केलं. त्यानं ते डाव्या हातात घेतलं.

"थांबा," ती म्हणाली. "त्यानं बरोबर ऐकलं होतं. मी 'धरली' म्हटलं. माझे हात रिकामे होते. आणि नंतर मी गप्प बसले, ते त्याहून वाईट."

रेडिओनं पेन टेबलावर ठेवलं आणि हळूच स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. ते बघून तिला रडू आवरेना. तिनं ते आवरलंही नाही.

मालक संतापले, आणि ते रास्तच होतं. सहीचा कागद त्यांनी फाडला. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासून मुकादमी दुसऱ्याकडे. तुम्ही काचेवर काम करा, जमलं तर." दार आपटून ते आत गेले.

बाहेर गाडी उभी होती आणि सहा काचा चढवायच्या होत्या. काम कुणासाठी थांबत नाही. तिनं डोळे पुसले, हातमोजे चढवले आणि घेणाऱ्याच्या जागी जाऊन उभी राहिली. देणारा पोपट होता. काच तिरकी झाली, तिच्याकडे आली. कड तिच्या पंजात बसली, वजन खांद्यापर्यंत चढलं.

"धरली," ती म्हणाली.

पोपटानं सोडली नाही.

त्याचा राग तिला आला नाही. आता तिच्या शब्दावर कोण काच सोडणार? ती तशीच उभी राहिली. दंड भरून आले. काच दोघांच्या मध्ये अधांतरी. पोपटानं मान वळवून मागे, पट्टी बांधलेल्या माणसाकडे बघितलं.

रेडिओ पुढे आला. तिच्या पंजांकडे वाकून त्यानं नीट निरखून बघितलं.

"सोड," तो म्हणाला. "मुकादमांनी धरलीय."

पोपटानं सोडली.