आतले शोध वगळून

बाबा गेल्यानंतर चार महिन्यांनी दादाने पुढच्या वर्षाचं कॅलेंडर मागितलं. कॅलेंडर म्हणजे दुकानाचं. कुठल्या आठवड्यात इंटरनेटवर कशाची जाहिरात चढवायची आणि कशाची उतरवायची, याचा तक्ता. आमचं दुकान पंखे, कूलर, हीटर, छत्र्या यांचं. "आपण माल विकत नाही, ऋतू विकतो," असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि एखादं गिऱ्हाईक "मग ही थंडी जरा कमी करून द्या" म्हणालं की दिवसभर खूश असायचे.

मी दुसऱ्या शहरात राहते. लोक काय शोधतात, कधी शोधतात, हे बघणं ही माझी नोकरी. आठ वर्षं दुकानाचा तक्ताही मीच करत होते, बाबांबरोबर, दर रविवारी सकाळी, फोनवर.

"काय हवामान खातं, काय म्हणतायत लोक?" ही त्यांची सुरुवात. हवामान खातं म्हणजे मी.

"लोक टेबल फॅन म्हणायला लागलेत बाबा. गेल्या वर्षीपेक्षा सहा दिवस आधी."

"मी तर अजून स्वेटरमध्ये आहे."

"तुम्ही काय, भर उन्हाळ्यातही स्वेटरमध्येच असता."

शोध आधी येतो आणि ऋतू मागून, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. अंगाला घाम फुटायच्या तीन आठवडे आधी कुणीतरी कुठेतरी पंख्याचं नाव टाइप करतं. बाबा म्हणाले, काउंटरवरही तसंच असतं. पहिला येतो तो नुसती किंमत विचारून जातो. "विचारून जाणाऱ्याकडे लक्ष ठेवावं. घेणारा काय, घेतोच."

दुकानाच्या वेबसाइटवर मी त्यांना शोधाची एक चौकट करून दिली होती. तिच्यात काही टाकलं की वर आपला माल दिसायचा आणि खाली बाहेरचं सगळं जग. बाबांना इंटरनेट म्हणजे तेवढी चौकट. बातम्या, गाड्यांच्या वेळा, शब्दकोड्याची उत्तरं, सगळं ते तिथेच शोधायचे. आधी आपल्या दुकानात बघावं, नसेल तर बाहेर जावं, असं त्यांचं म्हणणं.

या वर्षी जानेवारीच्या शेवटी ते म्हणाले, "अगं, दुपारी दादा जेवायला गेला की मी त्या चौकटीत काहीबाही टाकत बसतो. तुझे आकडे बिघडत असतील."

मला इतका आनंद झाला! हे तर आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांनाही सुचत नाही. त्यासाठी एक खूण करायची असते: 'आतले शोध वगळा'. मग दुकानाच्या कॉम्प्युटरवरून जे शोधलं जाईल ते अहवालात येत नाही.

"नीट वगळलेस ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

"वगळले हो. आता तुम्ही चंद्रावर प्लॉट शोधलात तरी मला कळायचं नाही."

"मग ठीक," बाबा म्हणाले.

जूनमध्ये दादाचा फोन आला, "ये. जमलं तर आजच." मी पोचले तेव्हा बाबांच्या तोंडावर मास्क होता आणि बोलणं संपलं होतं. नऊ दिवस मी त्यांच्या उशाशी बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत होते: अचानक झालं. दादा आणि वहिनी शेजारी उभे असायचे, आणि मीच सांगत होते.

तर, कॅलेंडर. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी ते करायला बसले. त्या चौकटीत काहीबाही टाकणारं आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी ती खूण काढली.

आलेखात एक उंचवटा उभा राहिला. फेब्रुवारीत वर चढलेला, जूनमध्ये एकदम तुटलेला. आमच्या मालाचा असा ऋतू नाही. मी खालची यादी उघडली.

जिना चढताना दम लागणे. फुफ्फुसात पाणी किती वेळा काढतात. बसून झोपता येईल अशी उशी. ऑक्सिजन मशीन घरी आवाज किती करते. ऑक्सिजन मशीन फोनवर ऐकू येते का.

वेळ सगळ्यांची दुपारी दोन ते चार. दादाच्या जेवणाची.

रविवारच्या बोलण्याची मी एक वही ठेवते. ती काढून तारखा लावल्या. 'दम लागणे'नंतर दोन दिवसांनी वहीत आहे: कूलरचे पॅड लवकर मागवू, बाबा म्हणतात. फुफ्फुसाच्या आठवड्यात: बाबा हसले, म्हणाले छत्र्या यंदा रंगीत घे. मशीनच्या आवाजानंतरच्या रविवारी मी स्वतः लिहिलंय: मागे पंखा चालू होता, बाबा म्हणाले नवीन मॉडेल आहे, जरा आवाज करतं.

मी दादाला फोन लावला.

"दादा, बाबांना कधीपासून होतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाबांनी."

पलीकडे शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. दादाला खोटं बोलता येत नाही. एकदा सुरू झाला की गरजेपेक्षा जास्त खरं बोलतो. पाच महिने त्याने माझा प्रत्येक फोन वहिनीच्या हातात दिला होता, तो का, हे मला तेव्हा कळलं.

"रिपोर्ट फेब्रुवारीत आला."

"वहिनीला माहीत होतं?"

"एका घरात राहतो ना आम्ही."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

"पंख्याच्या कंपनीचा तो माणूस येतो ना, त्यालाही," दादा म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याला वाईट वाटलं असावं. "मी किती वेळा म्हटलं गं त्यांना. म्हणाले, हवामान खात्याला कळलं की ती दर रविवारी माझंच हवामान विचारत बसेल. आठवड्यातून तेवढा एक तास मला दुकानदार राहू दे. आता त्यावर काय बोलणार?"

"माझी रजा शिल्लक होती, दादा. एकवीस दिवस."

शटर पूर्ण खाली आल्याचा आवाज आला.

"ते पंख्याचं नवीन मॉडेल, ते आवाज करणारं," मी म्हटलं, "मी त्याची जाहिरात केली होती. बाबांनी नाव सांगितलं नाही, तर मी कंपनीच्या यादीतून शोधून काढलं. तीन आठवडे चालवली."

"माहितीये. दोन विकले गेले," दादा म्हणाला. "बाबा खूप हसले होते."

मी फोन ठेवला. राग कुणाचा करायचा ते सुचेना. दादाचा करणं सोपं होतं, पण दादाने फक्त शब्द पाळला होता. चौकट मी केली होती, खूणही मीच केली होती. कौतुकाने केली होती. आणि मागितली होती त्या माणसाने, ज्याला या जगात मी सर्वांत चांगली ओळखते, अशी माझी समजूत होती.

संध्याकाळपर्यंत मी त्या पाच महिन्यांच्या यादीत एकच शब्द शोधत होते: मुलगी. मुलीला सांगावं का, मुलीला कसं सांगावं, असं काहीतरी. माणसं असलं विचारतात. रोज हजारोंनी विचारतात, मी बघते. बाबांनी विचारलं नव्हतं. त्यांना तो प्रश्न पडलाच नव्हता. त्यांचं ठरलेलं होतं.

कॉम्प्युटरने तोवर पुढच्या वर्षाचा अंदाज काढून ठेवला होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात 'दम लागणे' पुन्हा वर येईल, तयारी ठेवा. त्याला तो ऋतू वाटला होता. मी खूण परत केली. उंचवटा गेला. त्यांनी एकदा माझ्याकडून करवून घेतलेलं काम मी दुसऱ्यांदा केलं, या वेळी माहीत असून. कॅलेंडर दादाला पाठवलं.

सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये हिशेब विभागातल्या बाई भेटल्या. त्या बरेच महिने रजेवर होत्या, त्यांना आत्ताच कळलं होतं. त्यांनी माझा हात धरला. "वडील गेले म्हणे तुमचे. अचानकच ना?"

"नाही," मी म्हटलं. "फेब्रुवारीपासून आजारी होते."

"अरेरे. म्हणजे तुम्हाला निदान वेळ तरी मिळाला."

माझा मजला आला होता. मी बाहेर पडले.