होकायंत्रातला आत्मा आणि आर्जियाची सून

चर्चच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सेत्तिमिओबुवाने डाव्या तळहातावरचं होकायंत्र उंच धरलं आणि आपेनिनच्या डोंगरातलं ते सगळं गाव आ वासून बघत राहिलं. परवा धुक्यात प्रवासी विमान डोंगरावर आपटलं होतं. आतलं एकही माणूस वाचलं नव्हतं. होकायंत्र बुवाने त्या राखेतून उचललेलं.

"वैमानिकाचा आत्मा या सुईत बसलाय!" बुवा गरजला. "ज्या नजरेने विमान पाडलं, ती नजर सुई दाखवील!"

सुई डळमळली, वळली आणि गर्दीतल्या तरुण नीवेसवर थांबली.

"हीच!" पावभट्टीवाली ओर्तेन्सिया किंचाळली. "विमान गेलं तेव्हा धुणं वाळत घालताना हिने वर बघितलेलं!"

"मग काय चपलांकडे बघू?" नीवेस म्हणाली. बुवाने हुकूम सोडला होता, की सापडेल तिला आजच्या आज घाटापलीकडे हाकला. नीवेसचा नवरा बेल्जियमच्या खाणीत, पोटात सहावा महिना. जाणार कुठे?

तिची सासू आर्जिया कोपरं मारत पुढे आली. सुनेशी तिचं कधी पटलं नव्हतं. पण आपल्या सुनेला शिव्या घालायचा मान आपला, परक्याने त्यात तोंड घालायचं नाही! शिवाय गेल्याच आठवड्यात नीवेसने या बुवाला सॉसेजच्या माळेला हात घालताना पकडून घराबाहेर काढलं होतं. आणि सुई वळायच्या आधी बुवाचा उजवा हात वळतो, हे म्हातारीने मघाशीच टिपलं होतं.

"जाईल हो सून," ती लाडीगोडीने म्हणाली. "पण बुवा, तुमची उजवी बाही उसवलीय. टाका घालते."

"नको मावशी, नको!"

"नव्या नवरीसारखं लाजताय काय?" आर्जियाने एप्रनला टोचलेली शिवणसुई काढून बाहीजवळ नेली. सुई बोटांतून निसटली आणि टक्कन बाहीला चिकटली. टाचणी नेली, तीही चिकटली. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तिने बाही खसकन ओढली, तसं नालासारखं लोहचुंबक खण्णकन पायरीवर पडलं.

"आत्मा बराच जड दिसतो की!" आर्जिया म्हणाली.

तिने चुंबक दूर भिरकावलं, होकायंत्र पायरीवर ठेवलं आणि नीवेसला भोवती फिरवलं. सुई ढिम्म. पाद्रीबाबांच्या घराकडे तोंड करून बसली.

"अगं बाई! मग पाद्रीबाबांनी पाडलं?" ओर्तेन्सिया म्हणाली.

"उत्तर दिशा आहे ती, बयो! चुंबक नसलं की सुई उत्तरेकडेच बघते. चुंबक आणलं की त्याच्यामागे कुत्र्यासारखी पळते."

"पण आर्जियामावशी, विमान पडलं ते पडलंच ना? कशाने?" स्टेशनमास्तरने विचारलं.

"रोज माझ्या शेतावरून जातात ती. धुकं असलं की खाली येतात आणि वाट चुकू नये म्हणून रुळांवरून उडतात. रूळ आपल्या डोंगराशी आले की काय करतात, मास्तर?"

मास्तरचा चेहरा पडला. "बोगद्यात शिरतात."

"गाडी शिरते. पंखवाल्याने काय करावं?"

पुरुषांनी टोप्या काढल्या. बुवा मात्र गर्दीतून पाय काढू बघत होता.

"नजरेने काही पडत असतं ना ओर्तेन्सिये, तर तुझ्या नजरेखाली माझी एक कोंबडी उरली नसती," आर्जिया म्हणाली. "माणसं मेली की आधी कारण शोधा. गरोदर पोरीला हाकलून पुढचं विमान वाचणार नाही. मास्तर, चला, विमानवाल्यांना तार करा. इथे रूळ डोंगरात जातात, धुक्यात खालून येऊ नका म्हणावं."