डावीकडे झुकलेली लव

पंधरा दिवस झाले, सून एक शब्द उलट बोलली नव्हती, आणि म्हातारीला याचाच राग येत होता. भाजी खारट म्हटलं तरी गप्प. फरशी धड पुसली नाहीस म्हटलं तरी "हो आई". वर दुपारी जेवण झालं की लाडीगोडी, "आई, पडा आता घटकाभर." सासूची एवढी काळजी? पाणी कुठेतरी मुरत होतं.

म्हातारी गालिचे विणणारी. पन्नास वर्षं एकाच मागासमोर बसलेली. नवरा होता तोवर तो नक्षीचा कागद घेऊन पलीकडे बसायचा आणि रंग सांगायचा, "दोन लाल, एक निळा." तो गेल्यापासून ती आपली आपल्यालाच रंग सांगे आणि आपणच "हं" म्हणे. मुलगा परगावी नोकरीला. घरात दोघी बायका आणि लोकरीचे गुंडे.

गेल्या वर्षी तिची बोटं आखडली. गाठी सैल पडायला लागल्या, ओळी वाकड्या जायला लागल्या. हा शेवटचा गालिचा तेवढा आपल्या हातानं पुरा करायचा आणि मग माग मोडायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि काय नवल, गेल्या पंधरा दिवसांत हात सुधारला! सकाळी बसावं तर कालच्या ओळी सुतासारख्या सरळ. तिनं शेजारच्या शिंपिणीला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"डॉक्टर म्हणतो, हात गेला. मेल्याचे डोळे तपासायला हवेत!"

शिंपीण पोटभर हसली. आत भांड्यांचा आवाज थांबला.

शिंपीण गेली. इतके दिवस म्हातारीनं त्या ओळी नुसत्या बघितल्या होत्या. तळहात फिरवायचा धीर झाला नव्हता. आज फिरवला. तिच्या गाठींची लव, म्हणजे लोकरीची कापलेली टोकं, नेहमी उजवीकडे झुकायची. हात मध्येच अडला. चार बोटं रुंदीचा पट्टा डावीकडे झुकलेला. मग तिचा. मग पुन्हा डावीकडे.

घरात डावखुरी एकच होती.

"इकडे ये गं."

सून ओले हात पदराला पुसत आली.

"मी झोपले की बसतेस इथे?"

"हो आई."

"माझं उसवून?"

"वाकडं तेवढंच. पहिल्यांदा एकच ओळ केली होती. पण सकाळी तुम्ही इतक्या खूश झालात... गुणगुणत होतात. मग मला थांबता येईना."

"उजव्या हातानं गाठ मार म्हणून घसा कोरडा केला मी. ऐकलंस कधी?"

म्हातारीनं मूठ मिटून पाहिली. ती अर्ध्यावरच राहिली. पंधरा दिवस ती दुसऱ्याच्या हाताचं कौतुक करत बसली होती, आणि ते घरात तिच्याशिवाय सगळ्यांना, म्हणजे या एकीला, ठाऊक होतं.

"कात्री घे," ती म्हणाली. "तुझी गाठ माझ्याहून घट्ट आहे. एकदाच सांगते, पुन्हा विचारू नकोस. पण हा गालिचा माझ्या हातचा, वाकडाच होणार. तुझं आहे तेवढं सगळं काढ, आणि यापुढे मी झोपले असताना माझ्या मागाला हात लावायचा नाही."