चिलटाची चढण

चिलटं मारण्यात माझी हयात गेली आणि माझी लेक ती पाळते. घरातला गूळ सारखा संपायचा. मला वाटायचं, कॉलेजात चहा करत असतील. परवा कळलं, मक्याच्या पिठात गूळ घालून, शिजवून वैष्णवी ते चिलटांना खाऊ घालते. मी कपाळावर हात मारून घेतला.

ती ह्या चिलटांवरच कंपवाताचं संशोधन करते. तोच आजार ह्यांना, म्हणजे तिच्या बाबांना आहे. एमआयडीसीत जन्मभर टॉवेल विणलेला माणूस. आता घराचा जिना चढताना पाय चिकटल्यासारखा मध्येच थांबतो. मी मागून ओरडते, "आवरा की, लोकं बगत्यात." मग ह्यांनी खाली उतरणंच सोडलं. लेकीच्या हट्टाने तिची प्रयोगशाळा बघायला निघाले, पण दारातच म्हणाले, "ह्यो शेवटचा जिना. परत न्हाय उतरायचो."

प्रयोगशाळेत शिरलो तर वास सगळा स्वयंपाकघराचा. वैष्णवीने मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. एवढ्याशा जिवाला डाळिंबाच्या दाण्यासारखे डोळे, पायांवर बारीक केस, पंखांत सात रंग! आजवर टाळी वाजवून मी हे संपवत होते. मला लाजच वाटली.

मग तिने संगणकावर चिलटाच्या स्नायूचा फोटो दाखवला. "हे मायटोकॉन्ड्रिया. पेशीला ताकद पुरवतात. हे निरोगी, आणि हे बघा, फुगलेले, फाटलेले. या आजारात काही माणसांचं जे जनुक बिघडतं, तेच आम्ही ह्या चिलटांत बिघडवलंय."

"माज्यातबी आसंच झालं आसंल?" ह्यांनी विचारलं.

"तुमचं नेमकं कारण सांगता येत नाही, बाबा. पण या आजारात मेंदूतल्या पेशींची ताकद अशीच कमी पडते."

"म्हंजी मी आळस करत न्हाय," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

वैष्णवीने दोन नळ्या, एक निरोगी चिलटांची, एक आजारी, टेबलावर हलकेच आपटल्या. चिलटं तळाला पडली. निरोगी सरसर वर गेली. वर चढणं हा त्यांचा स्वभावच. आजारी तळाशीच धडपडत राहिली. "ठरलेल्या वेळेत नळीवरची ही रेघ ओलांडली तरच मोजायची," म्हणत ती आजारी चिलटांची नळी उचलून ठेवू लागली.

"थांब की. ते एक निगालंय." ह्यांनी नळी हातात घेतली. मांडीवर सारखा हलणारा हात नळी धरताना जरा निवांत झाला. ते चिलट चढायचं, थांबायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. शेवटी ते रेघेच्या वर गेलं. देवळातसुद्धा मला कधी इतकं भरून आलं नव्हतं.

"हे मोजलं न्हाय व्हय?"

"नाही बाबा. उशीर झाला त्याला."

"पर चढलं की."

घरी परतल्यावर जिन्यात ह्यांचे पाय पुन्हा थांबले. ह्यांनी घाबरून मागे माझ्याकडे बघितलं. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि खालच्या पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरचा सिदू पिशव्या घेऊन मागे येऊन उभा राहिला. "काकू, वाट द्या की."

"दम धर. चढायलेत ते," मी म्हणाले.

थोड्या वेळाने वर एक पाऊल वाजलं. मग दुसरं.